शिकागो कब्ज : इतिहास, आकडे आणि २०२५ चा मोसम – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी २००८ च्या उन्हाळ्यात नोकरीसाठी शिकागोला गेले आणि काही वर्षांनी ठाण्याला परत आले. येताना एका बेसबॉल संघाचं वेड सोबत आलं, ते आजही उतरलेलं नाही. ओळखीतले लोक, ऑफिसातले सहकारी, अमेरिकेत नव्याने गेलेली भाचरं मला सतत काहीबाही विचारत असतात. त्यातले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बेसबॉलचे मूळ नियम तुम्हाला ढोबळमानाने माहीत आहेत, असं धरून चालले आहे.

इतके संघ असताना कब्जच का?

माझ्या बाबतीत उत्तर सरळ आहे. मी त्या गावात राहत होते आणि रेड लाइनची ट्रेन अ‍ॅडिसन स्टेशनला उतरवायची, तिथून मैदान दिसायचं. शिकागोचे दोन संघ आहेत. उत्तरेकडचा कब्ज, दक्षिणेकडचा व्हाइट सॉक्स. बहुतेक घरांत संघ जन्माबरोबर ठरलेला असतो.

पण निवड करायची मोकळीक असती तरी मी हाच संघ घेतला असता. या संघाच्या इतिहासात हरण्याचा भाग इतका मोठा आहे की त्याचे प्रेक्षक निकालापेक्षा सामन्यावर जास्त प्रेम करायला शिकले. बेसबॉल हा रोजचा रतीब आहे. सहा महिन्यांत १६२ सामने. जिंकलात तरी उद्या सामना आहे, हरलात तरी उद्या सामना आहे.

संघ नेमका किती जुना आहे?

अमेरिकेतल्या दोन मोठ्या बेसबॉल लीगपैकी एक, नॅशनल लीग, १८७६ मध्ये सुरू झाली, तेव्हाच्या आठ संघांपैकी हा एक. तेव्हा नाव शिकागो व्हाइट स्टॉकिंग्ज होतं, आणि लीगचं पहिलं विजेतेपद यांनीच मिळवलं. त्या दिवसापासून आजवर एकच शहर न सोडता खेळत आलेला असा दुसरा संघ नाही. मधल्या काळात कोल्ट्स, ऑर्फन्स अशी नावं येऊन गेली. ऑर्फन्स म्हणजे अनाथ. बावीस वर्षं संघाचा आधार असलेला कॅप अ‍ॅन्सन १८९७ च्या मोसमानंतर गेला, म्हणून वर्तमानपत्रांनी हे नाव दिलं. कब्ज हे नाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळलं.

अ‍ॅन्सनबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. तो त्या काळातला सर्वांत मोठा फलंदाज होता, आणि कृष्णवर्णीय खेळाडूंविरुद्ध मैदानात उतरायला त्याने नकार दिला होता. खेळात वर्णभेदाची भिंत उभी राहिली त्यात त्याचाही हात होता. याच संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू यायला १९५३ साल उजाडलं. त्याचं नाव एर्नी बँक्स. त्याच्याकडे परत येऊ.

१०८ वर्षांचा दुष्काळ म्हणतात तो काय?

१९०६ मध्ये कब्जने ११६ सामने जिंकले आणि फक्त ३६ हरले. तरी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम फेरी, हरले, तीही आपल्याच गावच्या व्हाइट सॉक्सकडून. १९०७ आणि १९०८ मध्ये मात्र डेट्रॉइटला हरवून लागोपाठ दोनदा जिंकले. त्यानंतर १९१० ते १९४५ दरम्यान सात वेळा अंतिम फेरी गाठली आणि साती वेळा हरले. १९४५ नंतर तर अंतिम फेरीच दिसली नाही, थेट २०१६ पर्यंत.

म्हणजे दुष्काळ दोन आहेत. विजेतेपदाचा १०८ वर्षांचा आणि अंतिम फेरीचा ७१ वर्षांचा. लोक पहिला आकडा सांगतात. मला दुसरा जास्त जड वाटतो, कारण दारापर्यंतसुद्धा पोचायचं नाही, हे त्यात आहे.

बोकडाचा शाप खरा का?

१९४५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बिली सियानिस नावाचा खानावळवाला आपला बोकड घेऊन मैदानात आला, त्याला बाहेर काढलं आणि त्याने शाप दिला, अशी कथा आहे. शिकागोत ती आपल्याकडच्या गावदेवीच्या कथेसारखी सांगतात. पण संघ हरत होता त्याची कारणं जमिनीवरची होती. खेळाडूंची पारख चुकायची. लू ब्रॉकसारखा खेळाडू १९६४ मध्ये सेंट लुइसला देऊन टाकला आणि त्याने तिथे कारकीर्द घडवली. शापावर बोट ठेवलं की या चुका झाकल्या जातात, म्हणून मला ती कथा फारशी आवडत नाही.

आठवणीत ठेवायची तीन वर्षं सांगते. १९६९ मध्ये सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत पहिल्या स्थानावर होते, न्यूयॉर्क मेट्सने मागून येऊन गाठलं. १९८४ मध्ये नॅशनल लीगच्या शेवटच्या मालिकेत पाचपैकी पहिले दोन सामने जिंकून पुढचे तिन्ही सॅन दिएगोला दिले. आणि २००३.

२००३ मध्ये त्या प्रेक्षकाने घात केला ना?

नाही. हा प्रश्न आला की मी शांतपणे पूर्ण डाव सांगते. फ्लोरिडाविरुद्धच्या मालिकेतल्या सहाव्या सामन्यात कब्ज ३–० धावांनी पुढे होते, अंतिम फेरीत जायला फक्त पाच बाद हवे होते. डाव्या कडेला उंच उडालेल्या चेंडूकडे अनेक प्रेक्षकांचे हात गेले, त्यातला एक चेंडूला लागला आणि क्षेत्ररक्षकाचा झेल हुकला. त्यानंतर शॉर्टस्टॉपकडून एक साधा चेंडू सुटला, आणि त्या एका डावात फ्लोरिडाने आठ धावा केल्या. दुसऱ्या दिवशी सातवा सामना होता, तोही कब्ज हरले. एका प्रेक्षकाच्या हाताने आठ धावा होत नाहीत. त्या माणसाने वर्षानुवर्षं तोंड लपवून काढली. २०१६ च्या विजयानंतर संघाने त्याला विजेतेपदाची अंगठी दिली. ते फार आधी व्हायला हवं होतं. त्याचं नाव मी कधी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

२०१६ चा सातवा सामना एवढा गाजला, तो का?

तारीख शिकागोत २ नोव्हेंबर, ठाण्यात ३ नोव्हेंबरची पहाट. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते, चकल्यांचा डबा तळाला गेला होता. मालिकेत कब्ज १–३ ने मागे पडले होते. पाचवा सामना आपल्या पाडव्याच्या सकाळी जिंकले, मग सहावा. सातवा क्लीव्हलँडमध्ये. मी रजा टाकली होती आणि मांडीवर स्कोअरबुक घेऊन बसले होते.

पहिल्याच फलंदाजाने, डेक्स्टर फाउलरने, होमरन मारला. आठव्या डावापर्यंत ६–३ अशी आघाडी आली. मग राजाय डेव्हिसने होमरन मारून ६–६ अशी बरोबरी केली. माझी पेन्सिल थांबली ती थांबलीच. नऊ डाव संपले, आणि पाऊस आला. सतरा मिनिटं खेळ बंद. आईने तेवढ्यात चहा टाकला. तिकडे जेसन हेवर्डने व्यायामाच्या खोलीत सगळ्यांना गोळा करून धीर दिला, हे नंतर कळलं.

दहाव्या डावात बेन झोब्रिस्टच्या फटक्यावर एक धाव, मिगेल माँटेरोच्या फटक्यावर दुसरी. क्लीव्हलँडने एक धाव परत घेतली, ८–७. शेवटचा चेंडू तिसऱ्या बेसकडे हळू घरंगळत आला. ख्रिस ब्रायंटने तो उचलला, ओल्या गवतावर त्याचा पाय सरकला, आणि फेकता फेकताच तो हसत होता. चेंडू अँथनी रिझोच्या ग्लोव्हमध्ये. मी चौकटीत ‘५–३’ लिहिलं, म्हणजे तिसऱ्या बेसकडून पहिल्याला. घड्याळात सव्वादहा वाजून गेले होते. आई म्हणाली, “जिंकले ना? मग रडतेस कशाला?”

त्या पानावर पेन्सिलीचं टोक मोडल्याचा डाग आहे. पान मी वेगळं काढून ठेवलेलं नाही, ते वहीत आपल्या जागी, आधीच्या आणि नंतरच्या सामन्यांच्या मध्येच आहे.

बेसबॉलची फलंदाजीची सरासरी आपल्या क्रिकेटसारखीच असते का?

नाव तेच, हिशेब वेगळा. क्रिकेटमध्ये एकूण धावांना बाद होण्याच्या संख्येने भागतो. बेसबॉलमध्ये यशस्वी फटक्यांना संधींनी भागतात, आणि उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात. २३ जून १९८४ ला सेंट लुइसविरुद्ध राइन सँडबर्गने सहा संधींत पाच यशस्वी फटके मारले, त्यात नवव्या आणि दहाव्या डावात एकेक होमरन, दोन्ही वेळा बरोबरी साधणारे. त्या दिवसाची त्याची सरासरी .८३३. पूर्ण मोसमात .३०० म्हणजे उत्तम. दहापैकी सात वेळा अपयश आलं तरी माणूस मोठा ठरतो, हे क्रिकेटवाल्यांच्या पचनी पडायला वेळ लागतो.

या आकड्यांचा पाया घालणारा हेन्री चॅडविक हा इंग्लंडमध्ये जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये क्रिकेटचं वार्तांकन करणारा पत्रकार होता. क्रिकेटच्या धावफलकावरूनच त्याला बेसबॉलचा बॉक्स स्कोअर सुचला. त्यामुळे स्कोअरशीट बघून जर तुम्हाला घरचं काहीतरी वाटलं, तर ते बरोबरच आहे.

मग ओबीपी आणि ओपीएस कशाला?

सरासरीत एक मोठी गोष्ट सुटते. पिचरने चार चेंडू वाईट टाकले की फलंदाज फुकट पहिल्या बेसवर जातो, ते सरासरीत धरत नाहीत. ओबीपी ते धरतो. फलंदाज किती वेळा बाद न होता बेसवर पोचला, हे त्यातून कळतं. दुसऱ्या बाजूला, फटका एका बेसचा होता की होमरन, हे सरासरी सांगत नाही, ते स्लगिंग सांगतं. दोन्हींची बेरीज म्हणजे ओपीएस. .८०० च्या वर असेल तर फलंदाज चांगला, .९०० च्या वर असेल तर त्याच्या वेळेला जागेवरून उठू नका.

पिचरचा कोणता आकडा बघायचा?

ईआरए. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या धावा वगळून, नऊ डावांमागे त्याने किती धावा दिल्या ते. २०१६ मध्ये काइल हेंड्रिक्सने १९० डावांत अशा ४५ धावा दिल्या. ४५ गुणिले ९, भागिले १९०, उत्तर २.१३. त्या वर्षी दोन्ही लीग मिळून सर्वांत कमी. त्याचा चेंडू वेगवान नव्हता, जागा आणि दिशा मात्र सुईत दोरा ओवावा तशी.

आणि १९०६ चा मॉर्डकाय ब्राउन पाहा. लहानपणी शेतावरच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताचं बोट तुटलं, बाकीची वेडीवाकडी जुळली. त्याच हातातून सुटणारा चेंडू असा वळायचा की फलंदाजांना कळायचा नाही. त्या मोसमातला त्याचा ईआरए १.०४.

वॉर म्हणजे काय, आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा?

बदली म्हणून सहज मिळणाऱ्या सामान्य खेळाडूच्या तुलनेत याने संघाला किती जास्त विजय मिळवून दिले, याचा अंदाज. फलंदाजी, धावणं, क्षेत्ररक्षण सगळं एकत्र. लक्षात ठेवा, तो अंदाज आहे. बेसबॉल रेफरन्स आणि फॅनग्राफ्स या दोन साइटवर एकाच खेळाडूचा वॉर वेगळा दिसतो, कारण दोघांची रीत वेगळी. अर्ध्या विजयाच्या फरकावरून भांडू नये.

जुने आकडे पक्के असतात का?

बव्हंशी. पण तेही माणसांनीच लिहिलेले. १९३० मध्ये हॅक विल्सनने १९० धावा घरी आणल्या असं जवळजवळ सत्तर वर्षं छापलं जात होतं. अभ्यासकांनी जुने स्कोअरशीट तपासले आणि एक धाव चुकून दुसऱ्याच्या नावावर गेल्याचं सापडलं. १९९९ मध्ये तो आकडा अधिकृतपणे १९१ केला गेला. विल्सनला जाऊन तेव्हा पन्नासहून जास्त वर्षं झाली होती. कुणीतरी एवढी काळजी घेतं, म्हणूनच मला हा खेळ जवळचा वाटतो.

आधी कोणत्या खेळाडूंबद्दल वाचू?

एर्नी बँक्सपासून सुरुवात करा. ५१२ होमरन, १९५८ आणि १९५९ असे लागोपाठ दोन वर्षं नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू, तेही संघ तळाच्या बाजूला असताना. २,५२८ सामने खेळला आणि त्याला मोसमानंतरचा एकही सामना मिळाला नाही. तरीही ऊन चांगलं पडलं की म्हणायचा, आज दोन सामने खेळू. जानेवारी २०१५ मध्ये तो गेला. विजेतेपद त्यानंतर दुसऱ्याच वर्षी आलं.

मग रॉन सँटो. मधुमेह असताना, त्या काळी रक्तातली साखर मोजायची साधनं हाताशी नसताना, तो तिसऱ्या बेसवर खेळला. नंतर रेडिओवर समालोचन करायचा आणि संघ हरला की त्याचा आवाज पडायचा. हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली २०११ च्या डिसेंबरात, तो गेल्यावर एका वर्षाने.

बिली विल्यम्स, फर्गसन जेंकिन्स, ग्रेग मॅडक्स आणि सँडबर्ग यांचे पाठीवरचे अंक संघाने कायमचे राखून ठेवले आहेत, तेही वाचा. सॅमी सोसाने तीन मोसमांत साठहून जास्त होमरन मारले आणि त्या तिन्ही मोसमांत होमरनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर मात्र दुसराच कुणी होता.

रिगली फील्ड बघण्यासारखं आहे का?

शिकागोत एकच दिवस असाल तरी जा. मैदान १९१४ चं, कब्ज तिथे १९१६ पासून. याहून जुनं मैदान फक्त बॉस्टनचं. जिना चढून वर आलं की आधी हिरवळ डोळ्यांत भरते, मग विटांच्या भिंतीवरचा वेल. तो १९३७ मध्ये लावला. एप्रिलमध्ये गेलात तर नुसत्या काड्या दिसतील, मेअखेर पानं भरतात. चेंडू वेलीत अडकला तर क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि फलंदाजाला दोन बेस मिळतात. हात न वर करता शोधायला गेला, तर खेळ चालूच राहतो.

मधोमध मोठा धावफलकही १९३७ चाच, अजून हाताने चालतो. मी वरच्या बाजूला बसून कितीदा तरी सामना सोडून तिकडेच पाहत राहिले आहे. एक चौकोनी खिडकी रिकामी होते, आत कुणाचा तरी हात हलतो, आणि पत्र्याचा नवा आकडा बसतो. सामना संपला की वर झेंडा चढतो. पांढऱ्यावर निळा डब्ल्यू म्हणजे जिंकले, निळ्यावर पांढरा एल म्हणजे हरले. घरी जाणाऱ्या ट्रेनमधल्या लोकांना त्यावरून निकाल कळतो.

वाऱ्याकडे लक्ष ठेवा. मिशिगन सरोवराकडून आत वाहत असेल तर होमरन दुर्मीळ, बाहेर वाहत असेल तर काहीही होतं. १७ मे १९७९ ला असाच वारा होता आणि फिलाडेल्फियाने २३–२२ असा सामना जिंकला.

भारतातून सामने कोणत्या वेळी बघायचे?

यात आपल्यावर नशीब मेहेरबान आहे. रिगलीवर १९८८ च्या ऑगस्टपर्यंत दिवेच नव्हते, आणि आजही तिथे दुपारचे सामने बरेच असतात. शिकागोत दुपारी १:२० म्हणजे आपल्याकडे रात्री ११:५०. पहिले तीन-चार डाव बघून झोपायचं. तिथे संध्याकाळी ७:०५ चा सामना आपल्याकडे पहाटे ५:३५ ला सुरू होतो, डबा भरता भरता ऐकता येतो. ऐकता येतो असंच म्हणते, कारण माझ्या मते या खेळाला रेडिओ जास्त शोभतो. पॅट ह्यूज १९९६ पासून कब्जच्या सामन्यांचं समालोचन करत आहेत, आणि खेळाडूंच्या कपड्यांचं वर्णनसुद्धा ते मनापासून करतात.

सगळे १६२ सामने कुणी बघत नाही. रोज सकाळी बॉक्स स्कोअर वाचा, आठवड्यात दोन सामने ऐका, पुरे.

गुणतक्त्यात ‘इतके सामने मागे’ म्हणजे काय?

२०२५ चाच तक्ता घ्या. मिलवॉकी ९७ जय, ६५ पराजय. कब्ज ९२ जय, ७० पराजय. जयांतला फरक ५, पराजयांतला फरक ५, बेरीज १०, तिचा अर्धा ५. म्हणजे कब्ज पाच सामने मागे. जूनमध्ये या आकड्याची काळजी करू नका, ऑगस्टच्या मध्यापासून करा.

गटात पहिला नंबर आला नाही तरी वाट बंद होत नाही. दोन्ही लीगमधून सहा-सहा संघ पुढे जातात, तीन गटविजेते आणि उरलेल्यांतले तीन. २०२५ मध्ये कब्ज असेच गेले, सॅन दिएगोला तीनपैकी दोन सामन्यांत हरवलं आणि पुढच्या फेरीत मिलवॉकीकडून २–३ ने हरले. क्रेग काउन्सेल हे व्यवस्थापक २०२४ मध्ये मिलवॉकीहूनच आलेले, त्यामुळे या मालिकेला जरा जास्तच धार होती. त्या मोसमातला पीट क्रो-आर्मस्ट्राँग बघायला विसरू नका. ३१ होमरन, ३५ बेसचोऱ्या, आणि सेंटर फील्डमध्ये चेंडू पडायच्या आत पोचणारे पाय.

स्कोअरबुक लिहायचं कसं? सुरुवात कुठून करू?

साधी चौकटीची वही घ्या, गणिताची चालते. डावीकडे नऊ फलंदाज, वर डावांचे आकडे. मैदानातल्या जागांना अंक असतात. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने दुसऱ्या बेसला आणि तिथून पहिल्याला फेकून दोघांना बाद केलं तर ‘६–४–३’. महाराष्ट्रात शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेल्यांना हे अंक बहुधा आठवतील.

पेन नको, पेन्सिल घ्या. पंच निर्णय बदलतात. पानाच्या डोक्यावर तारीख, दोन्ही पिचरची नावं, आणि रिगलीवरचा सामना असेल तर वारा आत की बाहेर, एवढं सामना सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवा.